संमिश्र अध्यापन आणि विद्यार्थ्याचे मौन : इंग्रजीच्या पदवीवर्गासंबंधी काही विचार

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. म्हणजे आज पदवीच्या पहिल्या वर्षात येऊन बसणारा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजीच्या सहवासात काढून आलेला असतो. क्रियापदांची रूपे त्यास पाठ असतात. कर्तरी प्रयोगातील वाक्य कर्मणी प्रयोगात तो बिनचूक बदलून दाखवितो. उताऱ्यावरील प्रश्नाचे उत्तर उताऱ्यातील नेमक्या ओळीवर बोट ठेवून देतो. परंतु प्राध्यापकांनी त्याला नाव घेऊन उठविले आणि एखाद्या साध्या गोष्टीविषयी इंग्रजीत चार वाक्ये बोलावयास सांगितले, की तो उभा राहतो, बाकावरील वहीकडे पाहतो, आणि काही क्षणांनी आपण होऊनच खाली बसतो. हे मौन इंग्रजी शिकविणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. त्याचे स्पष्टीकरण आपण सहसा एका वाक्यात उरकतो, ते असे की, विद्यार्थ्यांस प्रेरणाच नाही. अलीकडे त्यावरील उपायही असाच चटकन सुचविला जातो. ‘ब्लेंडेड लर्निंग’ अर्थात् संमिश्र अध्ययन सुरू करा, म्हणजे प्रेरणा आपोआप येईल, असे परिपत्रकांतून व चर्चासत्रांतून वारंवार ऐकावयास मिळते.

प्रस्तुत लेखात ह्या निदानाचा व ह्या उपायाचा परस्परसंबंध तपासावयाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, तो खाली बसणारा विद्यार्थी प्रेरणाहीन नसतो. त्याच्यापाशी इच्छा पुष्कळ असते. चुकावयास जागा मात्र कोठेही नसते. संमिश्र अध्यापनाचा खरा उपयोग ही जागा उपलब्ध करून देण्याकडे होऊ शकतो. तसा तो केला नाही, तर साधने कितीही वाढविली तरी वर्गातील शांतता होती तशीच राहते.

प्रथम संज्ञेचा विचार करू. चार्ल्स ग्रॅहम ह्यांनी २००६ साली केलेली आणि आता बहुतेक सर्वत्र स्वीकारली गेलेली व्याख्या अगदी साधी आहे : समोरासमोरचे अध्यापन आणि संगणकाच्या माध्यमातून होणारे अध्यापन ह्यांची सांगड ज्यात घातलेली असते, ती संमिश्र अध्ययनव्यवस्था. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये प्रसृत केलेल्या टिपणात एखाद्या अभ्यासक्रमाचा चाळीस टक्क्यांपर्यंत भाग आंतरजालावरून व उरलेला वर्गात शिकविण्याची कल्पना मांडली होती. तेव्हापासून आपल्याकडील चर्चा बव्हंशी ह्या टक्केवारीभोवतीच फिरत राहिली आहे. वस्तुतः किती भाग कोठे शिकवावा, हा प्रश्न दुय्यम आहे. कोणता भाग कोठे शिकवावा, आणि कोणत्या क्रमाने, हा खरा प्रश्न. मिसळीतील फरसाणाचे प्रमाण अगदी काटेकोर असले, परंतु ते तासभर आधीच रश्श्यात टाकून ठेवले, तर तिला कोणी मिसळ म्हणणार नाही.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करणे इष्ट. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली व प्राध्यापक रातोरात दूरध्वनीच्या पडद्यावरून व्याख्याने देऊ लागले. ती आपत्काळातील सोय होती. तिला संमिश्र अध्यापन म्हणता येणार नाही, कारण तीत सांगड घालावयास दुसरे अंगच उरले नव्हते. तथापि त्या दोन वर्षांच्या अनुभवावरून कित्येकांनी ह्या पद्धतीविषयी कायमचे मत बनवून टाकले आहे. बंद छायाचित्रकांच्या काळ्या चौकटींपुढे ज्यांना बोलावे लागले, त्यांचा वैताग समजण्याजोगा आहे. परंतु तो ह्या पद्धतीविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही.

यंत्र आणि वर्ग ह्यांची जोड घालण्याची कल्पना मुळात नवी नाही. ब्रिटिश नभोवाणीने १९४३ सालीच इंग्रजीचे पाठ ध्वनिक्षेपित करावयास आरंभ केला होता. आपल्या देशात १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. ऑगस्ट १९८४ पासून अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवरून दाखविले जाऊ लागले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक उदाहरण भाषाप्रयोगशाळेचे होय, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबणे अवश्य वाटते.

भाषाप्रयोगशाळा ही १९५० ते १९७० ह्या काळातील मोठी आशा होती. विद्यार्थी काचेच्या कप्प्यात बसे, कानांवर श्रवणयंत्र चढवी, ध्वनिफितीवरील वाक्य ऐके, ते पुन्हा म्हणे, त्यातील एक शब्द बदलून पुन्हा म्हणे. सवयीने भाषा येते, हे त्यामागील तत्त्व. नोम चॉम्स्की ह्यांनी १९५९ साली स्किनर ह्यांच्या ग्रंथाचे परीक्षण करून ह्या तत्त्वाचा पाया खिळखिळा केला, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. परंतु प्रयोगशाळा नुसत्या टीकेने कोलमडली नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात माध्यमिक शाळांतून जी विस्तृत पाहणी झाली, तीत शाळा ज्या रीतीने प्रयोगशाळा वापरीत होत्या त्या रीतीने तिचा विशेष लाभ दिसून आला नाही. पुढे आपल्याकडेही अनेक महाविद्यालयांत अशा प्रयोगशाळा अनुदानातून उभ्या राहिल्या आणि कुलूपबंद झाल्या.

ह्या अपयशाचा अर्थ काय लावावयाचा? यंत्र निकामी होते, असे नव्हे. कप्प्यात बसलेल्या विद्यार्थ्यास एकांत मिळत होता, कोणी हसणारे नव्हते, तेच वाक्य दहा वेळा म्हणता येत होते. ही सर्व मोलाची गोष्ट होती. परंतु कप्प्यातून बाहेर पडल्यावर ते वाक्य ज्याला सांगावे असा कोणीच नव्हता. तालीम होती, प्रयोग नव्हता. उलट आपल्या नेहमीच्या वर्गात नेमके याच्या विरुद्ध घडते. तेथे ऐकणारे ऐंशी-शंभर जण असतात, परंतु तालमीची सोय नसते. विद्यार्थ्याने पहिल्याच वेळी सर्वांदेखत उभे राहून बिनचूक बोलावे अशी अपेक्षा असते. नाटकात काम करणाऱ्या कोणासही विचारावे, अशा अटीवर तो रंगमंचावर पाऊल ठेवील काय?

आता प्रेरणेकडे वळू. रॉबर्ट गार्डनर व वॉलेस लँबर्ट ह्यांनी १९५९ साली माँट्रियल येथे फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परभाषा शिकण्याच्या हेतूचे त्यांनी दोन प्रकार कल्पिले : त्या भाषेच्या लोकांत मिसळावे ही ओढ, आणि त्या भाषेचा नोकरी-व्यवसायास उपयोग व्हावा ही इच्छा. पहिल्यास आपण समावेशक हेतू म्हणू, दुसऱ्यास साधनात्मक. समावेशक हेतू अधिक फलदायी ठरतो, असे त्यांना आढळले. ह्या निष्कर्षाला जो पहिला महत्त्वाचा छेद मिळाला, तो मुंबईतून, आणि मराठी भाषकांच्या अभ्यासातून, ही गोष्ट आपल्या विभागांत जितकी माहीत असावयास हवी तितकी नाही. यास्मीन लुकमानी ह्यांनी १९७२ साली मुंबईतील साठ मराठीभाषक शालेय विद्यार्थिनींची पाहणी प्रसिद्ध केली. तीत इंग्रजीवरील प्रभुत्वाचा संबंध साधनात्मक हेतूशी अधिक जुळला. त्या मुलींना इंग्रजांत किंवा इंग्रजाळलेल्या समाजात जाऊन बसावयाचे नव्हते. आपल्याच समाजात राहून अधिक मोकळे, अधिक आधुनिक जीवन जगावयाचे होते, आणि इंग्रजी हे त्याचे साधन होते.

अर्धशतकानंतर हेतूचे स्वरूप फारसे पालटले आहे असे मला वाटत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांना इंग्रजी कशासाठी हवे असे विचारल्यास उत्तरे तयार असतात : मुलाखत, स्पर्धापरीक्षा, शहरातील नोकरी, बँकेत गेल्यावर कोणी हिणवू नये. झोल्टान डोर्नाई ह्यांनी २००५ साली ह्या सर्व चर्चेला निराळे वळण दिले. परभाषेत बोलणारे आपले भावी रूप विद्यार्थी मनात पाहतो, आणि ते रूप त्याला पुढे खेचते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्या विद्यार्थ्याच्या मनात हे रूप कसे असते, ते आपल्या बोलीनेच सांगून टाकले आहे. ‘तो फाडफाड इंग्रजी बोलतो’ असे आपण कौतुकाने म्हणतो. ह्या शब्दप्रयोगात वेग आहे, आवाज आहे, थोडी आक्रमकताही आहे. ऐकणाऱ्याला काही कळले की नाही ह्याचा उल्लेख मात्र त्यात नाही. ज्याच्या डोळ्यांपुढे हा आदर्श आहे, तो अडखळत का होईना बोलून पाहण्यापेक्षा गप्प राहणेच पसंत करणार, हे उघड आहे.

म्हणून प्रेरणा आणि बोलण्याची तयारी ह्या दोन गोष्टी वेगळ्या मानावयास हव्यात. इलेन हॉर्विट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली परभाषेच्या वर्गातील भीती मोजण्यासाठी तेहेतीस विधानांची एक श्रेणी तयार केली. इतरांशी बोलण्याचा धसका, परीक्षेचा धाक, आणि आपल्याविषयी इतर वाईट मत करून घेतील ही धास्ती, अशी ह्या भीतीची तीन अंगे त्यांनी सांगितली. पुढे १९९८ साली पीटर मॅकइंटायर प्रभृतींनी एका मनोऱ्याच्या आकृतीने असे दाखविले की, दीर्घकालीन हेतू, स्वभाव, सामाजिक परिस्थिती ह्या गोष्टी मनोऱ्याच्या तळाशी असतात. प्रत्यक्ष तोंड उघडण्याच्या अगदी आधी निर्णायक ठरतात त्या त्या क्षणीचा आत्मविश्वास आणि समोरच्या विशिष्ट व्यक्तीशी बोलण्याची इच्छा. तळ भक्कम असूनही शिखर डळमळते असू शकते. ‘प्रेरणा नाही’ हे आपले निदान तळाविषयी बोलते. दुखणे मात्र वर असते.

भीतीचे भाषिक अंगही पाहिले पाहिजे, कारण नुसत्या धीर देण्याने ती जात नाही. इंग्रजीचा आघात हे एक उदाहरण घेऊ. ‘फोटोग्राफ’ ह्या शब्दात आघात पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर पडतो, आघात सरकला की उरलेले स्वर आक्रसतात व अस्पष्ट होतात. मराठीत आघाताने अर्थभेद होत नाही आणि स्वर असे गिळलेही जात नाहीत. त्यामुळे मराठी माध्यमातील विद्यार्थी प्रत्येक अवयव सारख्या वजनाने उच्चारतो, आणि दुसऱ्याचे इंग्रजी भरभर ऐकताना गिळलेले अवयव त्याच्या कानांतून निसटतात. आघात छापील पानावर दिसत नाही. तो कानानेच टिपावा लागतो, आणि एकदा ऐकून टिपला जात नाही. शंभर जणांच्या वर्गात प्राध्यापकांनी एक शब्द दहा वेळा म्हणणे शक्य नाही. ध्वनिमुद्रण मात्र न कंटाळता म्हणते. यंत्राकडे सोपवावयाचा पहिला भाग तो हा.

दुसरे उदाहरण वाक्यरचनेचे आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. समजा, तासगावकडील एक विद्यार्थी आपल्या घरी बेदाणा कसा तयार करतात हे सांगत आहे. मराठीत तो म्हणेल : द्राक्षे द्रावणात बुडवितात, सावलीत जाळ्यांवर पसरतात, पंधरवड्याने झाडून काढतात. ह्या वाक्यांत कर्ता नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. अनेकवचनी क्रियापदाने ‘कोणीतरी माणसे’ एवढे सुचविले की मराठीचे काम भागते. इंग्रजीला रिकामी जागा चालत नाही. विद्यार्थी शब्दाला शब्द लावीत गेला की ‘ग्रेप्स डिप इन द सोल्यूशन’ असे वाक्य तयार होते, आणि द्राक्षे आपण होऊनच स्नानास उतरतात. येथे हवा असतो तो कर्मणी प्रयोग. हाच विद्यार्थी परीक्षेत पाच वाक्यांचे कर्मणी रूपांतर करून पाचांपैकी पाच गुण मिळविलेला असतो. परंतु कर्मणी प्रयोग कशासाठी असतो, ह्याची गाठ त्याला आयुष्यात प्रथम येथे पडते. ही गाठ पडण्यासाठी त्याच्यापुढे बेदाणा म्हणजे काय हे खरोखरच ठाऊक नसलेला, आणि ‘कोण बुडविते? किती वेळ?’ असे विचारणारा माणूस असावा लागतो. हे काम ध्वनिमुद्रणाच्या आवाक्याबाहेरचे आहे. हा वर्गाचा भाग.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे कामाची वाटणी कशी करावी हे बरेचसे उलगडते. वरील विषयच पंधरा दिवसांचा एक घटक म्हणून घेऊ. आरंभी प्राध्यापक दोन-तीन मिनिटांचे एक ध्वनिमुद्रण पाठवितात. त्यात गुऱ्हाळातील गूळ कसा होतो ह्यासारख्या निराळ्याच क्रियेचे साधे वर्णन असते. विद्यार्थी ते घरी ऐकतो आणि कोणते शब्द ठळक आले, कोणते दबले, एवढेच टिपून ठेवतो. नंतर आपल्या परिचयातील एका कामाचे वर्णन तो स्वतःच्या आवाजात मुद्रित करतो, ऐकतो, पुसतो, पुन्हा मुद्रित करतो. पुसलेली मुद्रणे त्याची एकट्याची. ती कोणी मागावयाची नाहीत. ह्या नियमाला अपवाद करू नये, कारण सर्व मुद्रणे जपून ठेवणारी व मोजणारी व्यवस्था आली की एकांत संपतो आणि पुन्हा परीक्षागृह उभे राहते. विद्यार्थी स्वतः निवडलेले एकच मुद्रण सादर करतो, आणि पहिल्या व शेवटच्या मुद्रणात आपण काय बदलले हे एका ओळीत लिहितो. ही ओळ मराठीत असली तरी चालेल. किंबहुना पहिल्या सत्रात ती मराठीतच असावी असे माझे मत आहे, कारण भाषेविषयी विचार करावयास त्याला ह्या वयात जी भाषा पूर्ण वश आहे ती तीच होय.

मग वर्ग. येथे कोणीही सर्वांपुढे उभे राहत नाही. दोघे-दोघे बसतात, जोडी अशी लावावयाची की एकाला दुसऱ्याचे काम ठाऊक नसावे. बेदाण्याच्या गावचा विद्यार्थी मासळी सुकविणाऱ्या घरातील मुलीशेजारी, भिवंडीच्या मागावरचा विद्यार्थी शेतकऱ्याच्या मुलाशेजारी बसेल. ऐकणाऱ्याने कामाचे टप्पे आपल्या वहीत क्रमाने लिहावयाचे, आणि जेथे कळले नाही तेथे विचारावयाचे. बोलणाऱ्याने कागद पाहावयाचा नाही. तालीम झालेली असल्याने त्याच्यापाशी पहिली तीन वाक्ये तरी हमखास असतात, आणि अनुभव असा आहे की पहिली तीन वाक्ये निघाली की चौथे अडखळत का होईना येते. नंतर ऐकणारा ते काम तिसऱ्याला सांगतो. प्राध्यापक हिंडून ऐकतात, मध्ये दुरुस्ती करीत नाहीत. शेवटच्या दहा मिनिटांत सर्वत्र आढळलेली एकच चूक, बहुधा ती स्नान करणारी द्राक्षे, फळ्यावर घेतात. सरतेशेवटी विद्यार्थी घरी जाऊन वर्णन लिहितो. जोडीदाराने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यात आलीच पाहिजेत, एवढी अट.

एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन ह्यांनी १९८५ च्या ग्रंथापासून पुढे विकसित केलेल्या सिद्धान्तात आंतरिक प्रेरणेच्या तीन गरजा मानल्या आहेत : आपल्या कृतीवर आपला ताबा असणे, आपल्याला जमते आहे असे वाटणे, आणि इतरांशी जवळीक असणे. वरील योजनेत कोणते मुद्रण द्यावयाचे हे विद्यार्थी ठरवितो; पहिल्या व शेवटच्या मुद्रणातील फरक त्याच्याच कानांना ऐकू येतो; आणि त्याचे घरचे काम जाणून घेण्याची दुसऱ्या कोणास तरी गरज असते. ह्या तिसऱ्या गोष्टीचे मोल आपण फार कमी लेखतो. ज्या घरगुती कामाचा उल्लेख इंग्रजीच्या वर्गात तो संकोचाने टाळीत असतो, तेच येथे त्याचे भांडवल ठरते.

विपरीत उदाहरणे पुष्कळ देता येतील. व्याख्यान आंतरजालावर टाकावयाचे आणि तेच वर्गात पुन्हा द्यावयाचे, ही सर्वाधिक प्रचलित रीत. त्यामुळे विद्यार्थी दोन्ही सोडून देतात. दर आठवड्यास बहुपर्यायी चाचणी ठेवून तिला गुण जोडले की उत्तरे एका भ्रमणध्वनीवरून सर्व भ्रमणध्वनींवर पोहोचतात. आणि वर्गाच्या सामायिक समूहात एखाद्याच्या वाक्यातील चूक लाल खुणा करून दाखविणे हे तर वर्गात उभे करण्यापेक्षाही वाईट, कारण तेथील शब्द विरून जातात, येथील राहतात.

नोव्हेंबर २०२२ नंतर ह्या सर्व विचारात एक नवी गोष्ट आली आहे. चॅटजीपीटीसारखी साधने घरी लिहावयाचा निबंध क्षणार्धात, व्याकरणशुद्ध, लिहून देतात. म्हणून संमिश्र अध्यापनात घरचा भाग म्हणजे ‘लिहून आणा’ ही कल्पना आता टिकणारी नाही. तालीम घरी आणि उपयोग वर्गात, ही वाटणी मात्र टिकते. तालीम कोणाच्या मदतीने केली हे विचारण्याचे कारणच उरत नाही, कारण जोडीदाराच्या प्रश्नास उत्तर द्यावयाचे असते ते स्वतःलाच. ही साधने विद्यार्थ्याशी इंग्रजीत संभाषणही करतात, न हसता, न थकता. तालमीसाठी त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु तेथे एक मर्यादा आहे. यंत्र कोणतेही मोडकेतोडके वाक्य समजून घेते, आणि त्याला बेदाण्याविषयी आपल्या विद्यार्थ्याकडून काहीही जाणून घ्यावयाचे नसते. ज्याला आपल्या सांगण्याची गरजच नाही अशा श्रोत्यापुढे बोलून धीर येईल. नेमके बोलण्याची निकड निर्माण होणार नाही.

ह्या पद्धतीच्या परिणामकारकतेविषयी अतिशयोक्ती करणे योग्य होणार नाही. अमेरिकेच्या शिक्षणविभागाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका विस्तृत तौलनिक अभ्यासात निव्वळ वर्गाध्यापनाच्या तुलनेत संमिश्र अध्यापनाचे फळ अधिक चांगले आढळले. हा निष्कर्ष आपल्याकडे वारंवार उद्धृत होतो. त्याच अहवालात दिलेला इशारा मात्र क्वचितच सांगितला जातो : संमिश्र वर्गांतील विद्यार्थ्यांस पुष्कळदा अभ्यासाला वेळही अधिक मिळाला होता व साहित्यही अधिक होते, सबब श्रेय माध्यमाला देता येत नाही. ही मोठी महत्त्वाची कबुली आहे. संमिश्र अध्यापनाने वेळ वाचत नाही. ते वेळ मागते. चाळीस टक्के भाग आंतरजालावर गेला म्हणून चाळीस टक्के प्राध्यापक कमी लागतील, असा हिशेब ज्या संस्थेत मांडला जाईल तेथे हा प्रयोग आरंभीच फसला म्हणून समजावे.

हिशेब प्रत्यक्षच करून पाहू. शंभर विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दोन मिनिटांचे मुद्रण दिले तर ते नुसते ऐकावयास तीन तास वीस मिनिटे लागतात. प्रत्येक घटकात वीसच मुद्रणे लक्षपूर्वक ऐकावीत, म्हणजे चाळीस मिनिटांचे काम होते आणि पाच घटकांत प्रत्येकाची पाळी येते. ही तडजोड मला व्यवहार्य वाटते. परंतु ही चाळीस मिनिटेही कोठे तरी मांडली गेली पाहिजेत. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्यास सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. मुद्रण ऐकणे हे अध्यापन आहे की नाही, हे विभागाने लेखी ठरवून घेतल्याशिवाय हे काम उत्साहाच्या बळावर फार तर एक सत्र चालेल.

राहिला साधनांचा प्रश्न. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातील सुमारे चोवीस टक्के कुटुंबांतच आंतरजालाची सोय आढळली होती. ग्रामीण भागात ते प्रमाण सुमारे पंधरा टक्के होते. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, तरी घरात भ्रमणध्वनी असणे आणि तो विद्यार्थ्याच्या हाती असणे ह्यांत अंतर आहे. विद्यार्थिनींच्या बाबतीत ते अधिक. म्हणून चलच्चित्रांऐवजी ध्वनिमुद्रण वापरावे. तीन मिनिटांचे बोलणे साध्या दर्जाच्या मुद्रणात एका मेगाबाइटच्या आतबाहेर बसते. ते एकदा उतरवून घेतले की पुन्हा ऐकावयास जोडणी लागत नाही.

परंतु ह्याहून अवघड अडचण निराळीच आहे, आणि तिचा विचार योजना आखणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. दोन खोल्यांच्या घरात, आजी, वडील, धाकटी भावंडे समोर असता, मोठ्याने इंग्रजी वाक्ये म्हणावयाची कोठे? वसतिगृहाच्या खोलीत चौघे राहतात, तेथे तरी कोठे? भ्रमणध्वनीने मुद्रण होते; एकांत होत नाही. ज्या विद्यार्थ्यास वर्गात संकोच वाटतो, त्याला घरी त्याहून अधिक वाटू शकतो, कारण घरचे लोक रोज भेटतात. तालमीची जागा महाविद्यालयानेच द्यावयास हवी आणि तिला खर्च नाही. बहुतेक महाविद्यालयांत सकाळचे तास सुरू होण्यापूर्वी व दुपारी चारनंतर काही वर्गखोल्या रिकाम्या असतात. त्यांपैकी दोन खोल्या रोज तासभर उघड्या ठेवाव्यात, एका वेळी चौघांहून अधिक आत असू नयेत, आणि त्या वेळी कोणत्याही प्राध्यापकाने तेथे डोकावू नये. नोंदवहीची आवश्यकता नाही. किल्ली शिपायाकडे असावी व ती विद्यार्थ्याला कारण न विचारता मिळावी.